डांबरगोळी, पेट्रोल आणि हिशेबाची वही

बँकेच्या नोकरीत बदलीचा आदेश हाती पडला की घरात प्रथम चिंता पसरते आणि नंतर कुतूहल. माझी बदली वाराणसीला झाली तेव्हा आमच्या घरी मात्र हा क्रम उलटा झाला. काशीला जायचे म्हटल्यावर आईने प्रथम गंगाजलाची यादी केली आणि मग घर मिळेल का, याची चौकशी केली. घर मिळाले आणि त्याबरोबरच एक अनपेक्षित लाभ झाला. गंगेच्या काठी, घरापासून इतक्या दूर, चक्क मराठी शेजार मिळाला.

पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा काशीतील मराठी माणसांचा जुना मुलूख. पेशवाईच्या काळात नारायण दीक्षित पाटणकरांसारखे विद्वान येथे येऊन स्थायिक झाले आणि त्यांच्या मागोमाग वैदिक, याज्ञिक, व्यापारी अशी कितीतरी कुटुंबे आली. या परिसरात नाना फडणवीसांच्या नावाने ओळखला जाणारा वाडा आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून बैल आला तर माणसाने भिंतीला पाठ लावून उभे राहावे. अशा गल्लीत मोटार शिरणे शक्यच नाही. म्हणून येथील गाडीवाल्यांच्या गाड्या मैदागिनकडे रस्त्यावर उभ्या असतात आणि मालक मात्र चिंचोळ्या जिन्याच्या घरात राहतात.

अशाच एका गाडीवाल्याची ही हकिकत. तो आमच्या शाखेचा ग्राहक होता. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय. या तरुणाने काळाची पावले ओळखून आमच्या शाखेकडून कर्ज घेतले, एक पेट्रोलची मोटार घेतली आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना काशी, प्रयाग, गया अशी त्रिस्थळी यात्रा घडवण्याचा उद्योग सुरू केला. हप्ते वेळेवर येत होते. खात्याला कोठे गालबोट नव्हते.

एक अर्ज आणि दोन पाटल्या

२००८ सालच्या जून महिन्यात पेट्रोल लिटरमागे ५ रुपयांनी महागले. पुढच्याच महिन्यात जागतिक बाजारात खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरच्या घरात पोहोचला. गाडीवाल्यांचे धाबे दणाणले. यात्रेचे दर तर आधीच ठरलेले होते. भाडे वाढवावे तर यात्रेकरू दुसरीकडे जाणार, न वाढवावे तर नफा पेट्रोलच्या टाकीत विरघळणार.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हा तरुण माझ्या टेबलासमोर येऊन बसला. चेहरा उजळलेला होता. "साहेब, पेट्रोलवर तोड सापडली," तो म्हणाला. डांबराच्या गोळ्या, थोडा भीमसेनी कापूर आणि रसायनांच्या दुकानातून आणलेले अॅसिटोन यांचे एक मिश्रण त्याने तयार केले होते. दहा लिटर पेट्रोलमध्ये दोन गोळ्या आणि मिश्रणाचे एक झाकण टाकले की गाडी लिटरमागे दोन किलोमीटर जास्त धावते, असा त्याचा अनुभव होता. "कापूर कसा जळतो, पाहा ना. मागे काही उरतच नाही. तसेच पेट्रोलही पूर्ण जळते."

एवढ्यावर थांबला असता तर हसून विषय सोडून दिला असता. पण त्याने पिशवीतून अर्ज काढला. हे मिश्रण बाटल्यांत भरून इतर गाडीवाल्यांना विकायचे होते. त्यासाठी आणखी कर्ज हवे होते आणि तारण म्हणून आईच्या दोन सोन्याच्या पाटल्या ठेवण्याची तयारी होती.

सोन्यावर कर्ज देण्यास बँकेला अडचण नसते. सोने तोलावे, कस पाहावा, रक्कम द्यावी. नियमाने मी विचारण्यासारखे फारसे काहीच नव्हते. पण त्या पाटल्या ज्या हातांत होत्या, त्या हातांनी मला कितीतरी सणावारांना पुरणपोळी वाढली होती. मी अर्ज ठेवून घेतला आणि एवढेच म्हटले, "मंजुरीआधी मला हिशेब दाखव."

"कसला हिशेब? मी सांगतोय ना, दोन किलोमीटर जास्त."

"किती दिवस मोजलेस? त्याआधी किती पडत होते, ते लिहिलेले आहे?"

त्याच्याकडे लिहिलेले काहीच नव्हते. आधीचे प्रमाण आठवणीतले होते आणि नंतरचे उत्साहातले.

गोळीत किती बळ?

वाचकहो, प्रश्न साधा आहे. घरी केलेले असे मिश्रण टाकल्याने गाडीचे मायलेज खरोखर वाढते काय? आधी कागदावरच पाहू.

पेट्रोलमधून मिळणारी ऊर्जा ही त्याच्या वजनाशी बांधलेली असते. दहा लिटर पेट्रोलचे वजन साडेसात किलोच्या आसपास भरते. एका डांबरगोळीचे वजन चार ग्रॅम धरले, तर दोन गोळ्यांचे आठ ग्रॅम. म्हणजे टाकीतील इंधनात जेमतेम एक हजारांश भर पडली. नॅप्थलीन हा पदार्थ जळताना वजनामागे पेट्रोलपेक्षा किंचित कमीच उष्णता देतो. तरीही उदारपणे बरोबरीची धरली, तर लिटरला १४ किलोमीटर देणारी गाडी दहा लिटरवर १४० किलोमीटर जाईल आणि गोळ्यांच्या बळावर त्यापुढे सुमारे १४० मीटर. दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवरून शेजारच्या पंचगंगा घाटाकडे चालत जाण्याइतकेच हे अंतर!

अॅसिटोनची गोष्ट तर याहून उलटी. एक लिटर अॅसिटोनमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे ३० टक्के ऊर्जा कमी असते. म्हणजे जितके ते टाकावे तितका टाकीतील ऐवज हलका होतो. शिवाय अॅसिटोन रबराला आणि रंगाला सोडत नाही. इंधनाच्या नळ्या, वायसर, झाकणाजवळचा रंग या सर्वांवर त्याचा परिणाम होतो.

यावर नेहमीचे उत्तर असे असते की मिश्रण स्वतः ऊर्जा देत नाही, ते पेट्रोलला "पूर्ण" जाळते. ऐकायला हे पटते. पण सुस्थितीतील, तापलेल्या इंजिनात ९५ टक्क्यांहून अधिक इंधन आधीच जळत असते. इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग वाया जातो हे खरे, परंतु तो न जळल्यामुळे नव्हे. तो रेडिएटरमधून आणि धुराड्यातून उष्णतेच्या रूपाने निघून जातो. चाकांपर्यंत पोहोचतो तो साधारण पाव हिस्सा. जे आधीच जळून चुकले आहे, त्याला पुन्हा जाळण्याचे सामर्थ्य कोणत्याही गोळीत नाही.

आणि कापूर? "मागे काही उरत नाही" हे विधान तपासण्यासाठी प्रयोगशाळेची गरजच नव्हती. आरतीच्या वेळी कापराच्या ज्योतीवर चांदीची वाटी धरावी. क्षणात काजळी जमते. घरोघरच्या आज्या याच युक्तीने काजळ धरीत आल्या. राख उरत नाही हे खरे, पण काजळी उरते आणि इंजिनात नेमकी तीच नको असते. बाजारातील काही गोळ्या तर नॅप्थलीनच्या नसून पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात. त्यातील क्लोरीनपासून जळताना आम्ल तयार होते आणि ते धातू खाते.

मोहाचा मोठा इतिहास

या तरुणाला हसण्याचे कारण नाही. या मोहात मोठमोठे लोक सापडले आहेत. १९९६ साली तामिळनाडूतील रामर पिल्लै याने वनस्पतींच्या पानांपासून पेट्रोल तयार करण्याचा दावा केला, तेव्हा देशभर खळबळ उडाली. शास्त्रज्ञांसमोर प्रात्यक्षिके झाली. चेन्नईच्या आयआयटीत काटेकोर तपासणी होताच तो दावा टिकला नाही. पुढे त्याच्या नावाने विकले गेलेले इंधन म्हणजे पेट्रोलियम पदार्थांचेच मिश्रण असल्याचे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात उघड झाले आणि २०१६ साली न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक उपकरणे आणि द्रव्ये आजवर तपासली. मायलेजमध्ये लक्षणीय वाढ करणारे त्यांत काही आढळले नाही.

मग पेट्रोलमध्ये मिसळलेल्या कोणत्याच द्रव्याने कधी फरक पडला नाही काय? पडला. १९२१ साली टॉमस मिजली या अमेरिकन तंत्रज्ञाला असे आढळले की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळले तर इंजिनातील ठोके थांबतात. ठोके थांबले म्हणून कारखान्यांना अधिक दाबाची, अधिक कार्यक्षम इंजिने बनवता आली. लाभ झाला तो इंजिनाचा आराखडा बदलल्यामुळे. जुन्या इंजिनाला त्या द्रव्याने नवे बळ आले नाही. आणि या लाभाची किंमत मुलांच्या रक्तात उतरलेल्या शिशाने चुकवावी लागली. भारतात २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातील शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, ते २०२१ साली बंद केले.

इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी काही प्रमाणित द्रव्ये आजही मिळतात. इंजेक्टरवर थर साचला असेल तर ती गेलेली कार्यक्षमता परत आणू शकतात. पण परत आणणे निराळे आणि नव्याने वाढवणे निराळे.

सहा फेऱ्यांची परीक्षा

कागदावरचा हा हिशेब त्या तरुणाला पटला नाही. "साहेब, पुस्तक वेगळे आणि रस्ता वेगळा," तो म्हणाला. त्याचे म्हणणे रास्त होते. मग आम्ही रस्त्यावरच परीक्षा घेण्याचे ठरवले.

काशी ते प्रयाग आणि परत, सुमारे अडीचशे किलोमीटरची फेरी. अशा सहा फेऱ्या. प्रत्येक वेळी त्याच पंपावर, त्याच नळीने, नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, आणि परत आल्यावर पुन्हा तशीच भरायची. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले, तितके त्या फेरीत जळले. किलोमीटर भागिले लिटर. पहाटे निघण्यापूर्वी टायरमधील हवा सारखी करायची. भार शक्य तो सारखा ठेवायचा.

आणखी एक अट मी घातली आणि तीच सर्वांत महत्त्वाची ठरली. गोळ्या कोणत्या फेरीला टाकायच्या हे गाडी चालवणाऱ्याने ठरवायचे नाही. ते काम त्याच्या धाकट्या भावाकडे दिले. तो रात्री मैदागिनला जाऊन टाकीजवळ काय करायचे ते करून येई आणि एका चिठ्ठीवर लिहून ती आईकडे देई. आई ती देवघरातील डब्यात ठेवी. प्रत्येक फेरीनंतर या तरुणाने आपला अंदाज वहीत लिहायचा : आज गोळी होती, की नव्हती?

काकूंना हा खेळ मनापासून आवडला. "पाटल्या माझ्या आणि परीक्षा याची," त्या मला म्हणाल्या. "निकाल लागेपर्यंत त्या हातातच राहू देत."

सप्टेंबरच्या अखेरीस सहावी फेरी झाली. पितृपक्षामुळे यात्रेकरूंची गर्दी होती, त्यामुळे फेऱ्या पटापट झाल्या. एका संध्याकाळी दुर्गाघाटच्या त्यांच्या घरी डबा उघडला. सहांपैकी तीन फेऱ्यांत गोळ्या होत्या, तीन फेऱ्यांत नव्हत्या. तरुणाचे अंदाज सहांपैकी तीन बरोबर निघाले. नाणे उडवले असते तरी इतकेच आले असते.

मायलेजचे आकडे वहीत ओळीने मांडले तेव्हा गोळीच्या आणि बिनगोळीच्या फेऱ्या वेगळ्या करता येईनात. गोळी नसलेल्या दोन फेऱ्यांमध्येच आपसांत जो फरक होता, तो गोळीने पडलेल्या कथित फरकापेक्षा मोठा होता. पाऊस, फाटकावर थांबलेली गाडी, फाफामऊकडची वाहनांची गर्दी, यांपैकी कशानेही तेवढा फरक पडतो.

तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने वहीची मागची पाने उलटली आणि म्हणाला, "पण साहेब, एक गोष्ट खरी. या सहाही फेऱ्या मला पूर्वीपेक्षा स्वस्त पडल्या."

ते खरे होते आणि सगळ्या प्रकरणाचे मर्म तेथेच होते. ज्या दिवशी त्याने पहिली गोळी टाकली, त्या दिवसापासून तो मायलेजकडे पाहू लागला. पाहू लागल्यावर नकळत पाय हलका पडला. टायरची हवा तपासली गेली. यात्रेकरूंची वाट पाहताना इंजिन बंद होऊ लागले. बचत होत होती, फक्त तिचे श्रेय गोळीला मिळत होते. बचत केली ती वहीने.

फडणीस म्हणजे दप्तराचा, हिशेबाचा अधिकारी. ज्या परिसरात नाना फडणवीसांच्या नावाचा वाडा उभा आहे, तेथे हा धडा मिळावा, याचे त्या संध्याकाळी मला मोठे कौतुक वाटले.

रॉकेलाचा रस्ता

परंतु मोह एका दारातून गेला की दुसऱ्या दाराने येतो. निघताना त्याने दबक्या आवाजात विचारले, "मग थोडे रॉकेल घातले तर? पुष्कळ जण घालतात."

हा प्रश्न डांबरगोळीइतका निरागस नव्हता. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड असते. ते सहज वाफ होत नाही, ठोके वाढवते, काजळी धरते आणि इंजिनच्या तेलात उतरून ते पातळ करते. इंजिन उघडण्याची वेळ आली की वर्षभराची "बचत" एका दुपारी संपते. ज्यावर कर्ज आहे ते वाहन गॅरेजमध्ये पडले, तरी हप्त्याची तारीख थांबत नाही. अशी खाती आम्ही शाखेत पाहिली होती.

आणि या रस्त्याच्या शेवटी काय आहे, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी रेशनचे रॉकेल अनुदानामुळे स्वस्त होते आणि याच फरकावर भेसळीचा काळा धंदा उभा होता. याच उत्तर प्रदेशात, लखीमपूर खीरी जिल्ह्यात, १९ नोव्हेंबर २००५ रोजी इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांची हत्या झाली. भेसळ करणाऱ्या पंपावर त्यांनी कारवाई केली होती. पुढे २५ जानेवारी २०११ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, मनमाडजवळ पानेवाडी येथे, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. टाकीत ओतलेले लिटरभर रॉकेल कोठून येते, याचा विचार करताना ही दोन नावे विसरता येत नाहीत. रॉकेलवरील अनुदान त्यानंतरच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने संपले. भेसळीचा मोह मात्र अनुदानावरच जगतो असे नाही.

२००८ साली त्या तरुणाला मी अर्थातच पहिलीच घटना सांगू शकलो. तेवढी पुरली.

आज काय करावे?

आज हा विषय पुन्हा ताजा झाला आहे. आता देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. त्यामुळे जुन्या धर्तीच्या चारचाकी गाड्यांचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला होता. या घटीमागे साधे गणित आहे आणि ती घरगुती मिश्रणाने भरून निघणार नाही. उलट, अनधिकृत द्रव्य टाकल्याचे आढळल्यास हमीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

मग हाती काय उरते? थोडे थोडे, पण खात्रीचे.

टायरमधील हवा दर पंधरवड्याला तपासा. प्रत्येक पौंड कमी हवेमागे सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त लागते. वेग आवरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ६० ऐवजी ९० च्या वेगाने तो सव्वादोन पट होतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग वर्षानुवर्षे सुचवत आली आहे. उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते, म्हणून थांबलात तर ते बंद करा. टपावरचा रिकामा कॅरियर उतरवून ठेवा. हवेचा फिल्टर आणि सर्व्हिसिंग वेळेवर करा.

पंपावर शंका आली तर फिल्टर कागदाची चाचणी मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे. शुद्ध पेट्रोलचा थेंब कागदावरून दोनएक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातो. माप कमी वाटले तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून घेता येते.

आणि एक वही ठेवा. महिन्याला १००० किलोमीटर चालणारी, लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी सुमारे ६७ लिटर पेट्रोल घेते. लिटरला १०० रुपये धरले आणि वरील उपायांनी ५ टक्के जरी वाचले, तरी महिन्याला ३३० रुपये, वर्षाला सुमारे ४००० रुपये होतात. आवर्ती ठेवीत टाकले तर त्यावर व्याजही मिळते. डांबरगोळीवर ते मिळत नाही.

त्या तरुणाचा अर्ज त्याने स्वतःच परत नेला. मोटारीचे कर्ज मुदतीत फिटले. माझी तेथून बदली झाली त्या दिवशी मी दुर्गाघाटला निरोप घ्यायला गेलो, तेव्हा खाली गंगेवर डिझेलच्या नावा धडधडत होत्या. पुढे २०२१-२२ च्या सुमारास त्यांतील शेकडो नावांची इंजिने सीएनजीवर आणली गेली. काकूंनी माझ्या हातावर दही ठेवले. दोन्ही पाटल्या त्यांच्या मनगटांवर होत्या. कोनाड्यात, पंचांगाच्या शेजारी, ती वही होती आणि तिच्यात त्या दिवसाचे किलोमीटर आणि लिटर आधीच लिहून झाले होते.